आय सेव्हन म्हणजे नेमका कोणता?

पत्र : माझी लेक यंदा दहावीनंतर पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला लागली. मिस्टर एपीएमसी मार्केटात माथाडी आहेत, मी घरून डबे करते. भिशीचे आणि साठवलेले मिळून ५०,००० रुपये कॉम्प्युटरसाठी बाजूला काढलेत. आमच्या सेक्टरमधल्या एका दुकानदाराने कोटेशन दिलं : आय सेव्हन, १६ जीबी रॅम, १२८ जीबी एसएसडी, ५०० जीबी हार्ड डिस्क, २ जीबी ग्राफिक कार्ड, ४५० वॉट एसएमपीएस कॅबिनेटसकट, १९ इंची मॉनिटर, सगळं मिळून ३४,५००. लेक म्हणते, हे जुनं आहे, मी सुटे भाग आणून स्वतः जोडते. ती रायझन असं काहीतरी म्हणते. तिने आजवर पान्हा-पेचकस हातात धरलेला नाही. शेजारचे म्हणतात लॅपटॉप घ्या. आय सेव्हन सगळ्यात मोठा असतो ना? मग ती नको का म्हणते? शिवाय दुकानदार आमच्या सातारकडचेच आहेत. त्यांना नाही कसं म्हणू?
एक आई, कोपरखैरणे

ताई,

तुमची लेक बरोबर बोलते आहे. ते कोटेशन घेऊ नका. पण का नको, हे तुम्हालाही कळलं पाहिजे. पैसे तुमचे आहेत, पहाटे उठून लाटलेल्या पोळ्यांचे आहेत. ‘तिला कळतं, मला काय त्यातलं’ असं म्हणून बाजूला होऊ नका. दुकानात तुम्ही तिच्या शेजारी उभ्या राहून दोन प्रश्न विचारलेत, तर तिला मोठा आधार होईल.

आय सेव्हन हे नाव नाही, आडनाव आहे. सातारकडच्या एखाद्या गावात जाऊन ‘जाधव कुठे राहतात?’ विचारलंत तर पहिला प्रश्न येतो, ‘कोणते जाधव?’ तसंच हे. हा प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. इंटेल कंपनीने २००८ला पहिला आय सेव्हन काढला. तेव्हाचा आय सेव्हन आणि अलीकडचा आय सेव्हन यांचं आडनाव तेवढं एक. पूर्ण नाव असं असतं : आय७-३७७०. रेघेनंतर चार आकडे असतील तर पहिला आकडा पिढी सांगतो, म्हणजे हा तिसऱ्या पिढीचा, २०१२ सालचा. आय७-२६०० असेल तर दुसऱ्या पिढीचा, २०११चा. रेघेनंतर पाच आकडे असतील तर पहिले दोन पाहायचे. आय३-१२१०० हा बाराव्या पिढीचा, २०२२चा.

आता गंमत पाहा. २०१२च्या त्या आय सेव्हनमध्ये चार कोअर (काम करणारे हात) आणि आठ थ्रेड (एका वेळी चालवता येणारी कामं) आहेत, २०२२च्या या साध्या आय थ्रीमध्येही चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत. कागदावर बरोबरी. पण प्रत्येक कोअर दहा वर्षांनी पुढचा आहे, आणि तो आय थ्री त्या आय सेव्हनला सरळ मागे टाकतो. वीजही कमी खातो. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर : आय सेव्हन मोठा असतो, पण आपल्या पिढीत.

तुमच्या कोटेशनवर पिढी लिहिलेलीच नाही. दुकानदाराला एवढंच विचारा, ‘प्रोसेसरचा पूर्ण नंबर काय? आणि बोर्डाचा चिपसेट कोणता?’ बोर्ड म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती पाटी, आणि चिपसेट म्हणजे तिच्यावरची मुख्य चिप. उत्तर एच६१ आलं तर माझी शंका खरी. एच६१ हा २०११चा चिपसेट. अनोळखी नावांचे नवे कोरे एच६१ बोर्ड बाजारात अजून मिळतात, आणि त्यावर ऑफिसांतल्या जुन्या मशीनमधून काढलेले प्रोसेसर बसवून ‘आय सेव्हन असेंबल्ड’ म्हणून विकले जातात. डबा नवा, आतला जीव जुना. तो चालेल, मी नाही म्हणत नाही. टायपिंग होईल, यूट्यूब चालेल. पण विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ला बंद झाली, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही. त्यातली रॅम डीडीआर३, म्हणजे जुन्या पिढीची, ती उद्या कुठल्याच नव्या पिढीच्या बोर्डावर बसणार नाही. तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. पहिल्याच दिवशी रस्ता संपलेल्या मशीनवर ३४,५०० घालायचे नाहीत.

दुकानदार खोटं बोलले असं मी म्हणत नाही. त्यांनी अर्धं सांगितलं. कोटेशनवरची प्रत्येक ओळ तशीच अर्धी आहे : १६ जीबी, पण कोणती? ४५० वॉट, पण कुणाचे? सुटे भाग घ्यायला निघालं की सगळी मेहनत या उरलेल्या अर्ध्या नावासाठी असते.

लॅपटॉपचं थोडक्यात सांगतो. लेकीला मशीन रोज कॉलेजात न्यावं लागणार असेल तर लॅपटॉप घ्या, त्यावर वाद नाही. कॉलेजात लॅब आहे आणि घरी सराव करायचा आहे, तर त्याच पैशांत डेस्कटॉप जास्त काम देतो, मोठी स्क्रीन देतो, आणि एक भाग गेला तर तेवढाच बदलता येतो. मुख्य म्हणजे तिला तो जोडायचा आहे. कॉम्प्युटर शिकायला निघालेली मुलगी तो उघडायला मागते आहे, तिला अडवू नका.

आता तिचं रायझन. ती बहुतेक एएमडीच्या रायझन ५ ५६००जीबद्दल बोलत असणार. निवड चांगली आहे. २०२१चा प्रोसेसर, सहा कोअर, बारा थ्रेड, आणि शेवटचं ‘जी’ अक्षर फार महत्त्वाचं : याच्या पोटातच ग्राफिक्स आहे, वेगळं कार्ड लागत नाही. खोक्यात कूलरही येतो. तुमच्या कोटेशनमधलं ‘२ जीबी ग्राफिक कार्ड’ हे बहुधा दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बनावटीचं असणार, या भावात दुसरं बसत नाही. तशा जीटी ७३० वगैरे कार्डापेक्षा ५६००जीच्या पोटातलं ग्राफिक्स जास्त ताकदीचं आहे. सी, जावा, पायथन, पुढे मोबाईल अ‍ॅप बनवणं, थोडं फोटो-व्हिडिओचं काम, कधीमधी एखादा हलका गेम, सगळं यात होतं. ग्राफिक्स कार्ड आत्ता घेऊच नका. पहिल्या मशीनचं बजेट त्याच्यापायी कोलमडतं, आणि मग काटकसर नको तिथे होते.

या अक्षरांवरून एक सावधगिरी. इंटेलच्या नंबरापुढे ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ आय३-१२१००एफ, तर त्याच्यात ग्राफिक्स नसतं. तो थोडा स्वस्त मिळतो म्हणून पहिल्यांदा मशीन बांधणारी मुलं तोच उचलतात, सगळं जोडतात आणि काळ्या स्क्रीनकडे बघत बसतात. रायझनमध्येही नुसता ५६०० म्हणजे बिनग्राफिक्सचा. बिलावरचं एकेक अक्षर वाचा.

५६००जीची कमजोर बाजूही सांगतो. तो एएम४ सॉकेटवर, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खाचेत, बसतो, आणि एएमडी २०२२ पासून एएम५वर गेली आहे. म्हणजे चार-पाच वर्षांनी तिला मोठी झेप घ्यायची झाली तर बोर्ड आणि रॅम दोन्ही बदलावे लागतील. एएम५वर आजच जायचं तर डीडीआर५ रॅम लागते, आणि ५०,००० मध्ये मॉनिटरसकट ते ओढूनताणून होतं. मी तुमच्या जागी असतो तर एएम४च घेतला असता. पैसे आणखी कमी असते तर आय३-१२१०० आणि एच६१० बोर्ड म्हटलं असतं, तोही कोडिंगला उत्तम आहे, फक्त ग्राफिक्स कमजोर.

बोर्ड बी५५० किंवा ए५२० घ्या. बी४५० मिळाला तरी चालेल, पण जुना माल असेल तर ५६००जीला तो ओळखत नाही, बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करावं लागतं. कुठलाही बोर्ड घेताना ‘बायोस ५६००जीला तयार आहे का?’ हे विचारा, नसेल तर दुकानातच करून मागा, घरी ते जमणार नाही. रॅमच्या चार पट्ट्यांची जागा असलेला बोर्ड थोडे पैसे जास्त देऊनही घ्या. एचडीएमआय आहे ना, पहा. बऱ्याच स्वस्त बोर्डांवर वायफाय नसतं, त्यासाठी छोटा यूएसबी डोंगल मिळतो.

रॅमबद्दल लेकीने हट्टाने एक गोष्ट करावी : १६ जीबीची एक पट्टी न घेता ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. ठाणे-बेलापूर रस्त्याची एकच लेन चालू असली की काय होतं ते तुम्ही रोज बघता. एका पट्टीवर डीडीआर४-३२०० रॅम सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी वाहून नेते, दोन पट्ट्यांवर ५१.२. साध्या मशीनमध्ये हा फरक फारसा जाणवत नाही, पण ५६००जीचं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, ते याच रॅमवर जगतं. एका पट्टीवर त्याचा जीव अर्धा होतो. त्यामुळे विंडोजमध्ये १६ ऐवजी १५ किंवा १३-१४ जीबीच वापरायला दिसली तरी घाबरू नका, उरलेली ग्राफिक्सने घेतली आहे.

रॅमचे भाव २०२५च्या अखेरीपासून भडकले आहेत. मेमरी बनवणाऱ्या कारखान्यांचा कल एआयच्या सर्व्हरकडे वळला, आणि झळ घरगुती ग्राहकाला लागली. म्हणून मी या पत्रात भागांच्या किमती लिहीत नाही, आज लिहिलेला आकडा तुम्ही दुकानात जाईपर्यंत खोटा ठरेल. मात्र सुट्या भागांत सेकंडहँड घ्यायला मी एकाच गोष्टीला बिनधास्त हो म्हणतो, ती रॅम. रॅम सहसा झिजत नाही. ओळखीच्या दुकानातून, परत करायच्या मुदतीसह जुनी डीडीआर४ मिळाली तर घ्या, आणि घरी मेमटेस्ट८६ नावाची फुकट तपासणी रात्रभर चालवा. एकही लाल ओळ दिसली तर दुसऱ्या दिवशी परत.

हार्ड डिस्क मात्र सेकंडहँड कधीच नाही. एका शेजाऱ्याने असंच जुळवलेलं मशीन मला दाखवायला आणलं होतं. ‘नवीन आहे’ म्हणून दिलेली ५०० जीबीची डिस्क मी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली, तर चालू तासांच्या रकान्यात ३१,००० च्या पुढचा आकडा. साडेतीन वर्षं ती डिस्क कुठेतरी अखंड फिरत होती, बहुधा सीसीटीव्हीच्या डब्यात. तुमच्या मशीनला फिरती डिस्क नकोच. ५०० जीबीची एक एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे न फिरणारी, वेगवान डिस्क, पुरते. ५६००जी पीसीआयई ३.० पर्यंतच जातो, त्यामुळे ‘जेन फोर’ लिहिलेल्या एसएसडीसाठी जादा पैसे देऊ नका. ती चालेल, पण तिसऱ्याच्या वेगाने. आणि एम.२ आकाराची प्रत्येक पट्टी एनव्हीएमई नसते, साटाची, म्हणजे जुन्या, धिम्या पद्धतीची पण येते, दिसायला जवळपास तशीच. साटाची धाव सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास संपते. खोक्यावर एनव्हीएमई हा शब्द दिसलाच पाहिजे.

आता ज्या ओळीसाठी मी हे पत्र निवडलं ती ओळ : ‘४५० वॉट एसएमपीएस कॅबिनेटसकट.’ एसएमपीएस म्हणजे घरातली वीज घेऊन मशीनच्या सगळ्या भागांना पुरवणारा डबा.

२०११ सालची गोष्ट. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरात मी माझं पहिलं मशीन जोडलं होतं. प्रोसेसर हवा तो घेतला, आणि पैसे संपत आले तेव्हा कॅबिनेटबरोबर आलेला एसएमपीएस तसाच ठेवला. आठ महिने नीट चाललं. मे महिन्यात एका दुपारी दिवे दोनदा मिणमिणले आणि टेबलाखालून फट् असा आवाज आला. वार्निश जळल्यासारखा वास खोलीभर पसरला. एसएमपीएस गेला, तो जाताना बोर्ड घेऊन गेला, आणि बोर्डाबरोबर हार्ड डिस्क. त्या डिस्कवर माझ्या बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो होते, दुसरी प्रत कुठेच नव्हती. बहीण मला कधी एका शब्दाने बोलली नाही. मला ते अजून लागून आहे, म्हणून हे इतकं लांबवतो आहे.

त्या एसएमपीएसवर ४५० वॉट लिहिलं होतं. मोडल्यावर मी त्याचं लेबल पहिल्यांदा नीट वाचलं. लेबलावर एक तक्ता असतो. त्यात +१२ व्होल्टचा रकाना शोधायचा आणि खाली किती अँपिअर लिहिलेत ते पाहायचं. १२ ने गुणलं की खरी ताकद कळते, कारण आजच्या मशीनचं जवळपास सगळं ओझं १२ व्होल्टवरच असतं. माझ्या त्या एसएमपीएसवर १४ अँपिअर होते, म्हणजे १६८ वॉट. बाकीचे वॉट नुसते कागदावरचे. चांगल्या ४५० वॉटवाल्यावर ३६ अँपिअरच्या आसपास दिसतात, म्हणजे ४३२ वॉट.

तुम्ही म्हणाल, ५६००जीचं मशीन खाऊन खाऊन खातं किती? पूर्ण ताकदीने चाललं तरी सव्वाशे वॉटच्या आसपास. मग १६८ पुरतील की! पुरतील, आठ महिने. आपण पैसे मोजतो ते वॉटसाठी कमी आणि संरक्षणासाठी जास्त. व्होल्टेज चढलं, शॉर्ट झालं, भार वाढला, तर चांगला एसएमपीएस स्वतः बंद पडतो आणि मागच्या सगळ्यांना वाचवतो. खोक्यावर ओव्हर व्होल्टेज, ओव्हर करंट आणि शॉर्ट सर्किट प्रोटेक्शन लिहिलेलं हवं. ‘८० प्लस ब्राँझ’ ही खूण पाहा, पण तिचा अर्थ समजून घ्या : अर्ध्या भारावर घेतलेल्या विजेपैकी निदान ८५ टक्के कामी येते, एवढंच ती सांगते. संरक्षणाचं ती काही सांगत नाही. निदान तीन वर्षांची वॉरंटी, पाच असेल तर उत्तम, आणि वॉरंटीचं सेंटर मुंबईत किंवा ठाण्यात असलेली कंपनी. कुठेही हात आखडा, इथे नको.

आणि एसएमपीएस कितीही चांगला घेतला तरी घरात अर्थिंग नसेल तर अर्धं काम वाया. कोपरखैरण्यातल्या, ठाण्यातल्या जुन्या घरांत मी हे खूपदा पाहिलं आहे : कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात. लोक म्हणतात ‘करंट उतरलाय’ आणि पायाखाली लाकडी फळी घेतात. होतं असं की एसएमपीएसच्या आत विजेचा गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात, ते किंचित वीज पत्र्यावर सोडतात, आणि ती अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जावी अशी रचना असते. तार नसेल तर ती पत्र्यावरच थांबते, मीटर लावला तर शंभर-सव्वाशे व्होल्ट दाखवतो. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण ज्या घरात अर्थिंग नाही तिथे उद्या खरा बिघाड झाला तर त्याच पत्र्यावर पूर्ण करंट उतरू शकतो, आणि त्याला हात लावणारी तुमची मुलगी असेल. भाग आणण्याआधी वायरमनला बोलवा. फेज आणि अर्थिंगमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये जवळपास शून्य, हे त्याने तुमच्यासमोर मोजून दाखवावं. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात खुपसायचा कन्व्हर्टर घरात असेल तर फेकून द्या.

यूपीएस ६०० व्हीए पुरतो. पैसे उरले नाहीत तर दोन भिशी थांबून घ्या, तोवर बरा स्पाइक गार्ड लावा, आणि वीज गेल्यावर काय गेलं ते शोधत बसायला नको म्हणून लेकीला दर थोड्या वेळाने सेव्ह करायची सवय लावा.

मॉनिटर १९ इंची नको. २२ किंवा २४ इंची, फुल एचडी, आयपीएस. तिचे डोळे तासन्‌तास त्याच्यावर असणार आहेत, आणि सगळ्या भागांत तोच सर्वांत जास्त वर्षं टिकेल. कॅबिनेट जाळीच्या तोंडाचं, दोन पंख्यांचं, साधं. रंगीत दिव्यांचे पैसे वाचवा. ठेवताना जमिनीवर ठेवू नका, खाडीकडच्या खिडकीखालीही नको. आपल्याकडे पावसाळ्यात लोखंडी कडीला गंज चढायला आठवडा पुरतो.

खरेदीला एक दिवस काढा आणि दोघी लॅमिंग्टन रोडला, मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या बाजारात, जा. कोपरखैरण्याहून ठाणे, तिथून दादर, दादरला पश्चिम रेल्वेची धिमी लोकल पकडून ग्रँट रोड, पूर्वेला उतरायचं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग दिसेल, तोच तो. पहिल्या दुकानात घेऊ नका. तीन दुकानांत तीच यादी देऊन भाव लिहून घ्या, मग चहा प्या, मग ठरवा. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ असं कुणीतरी म्हणेलच. १८ टक्के जीएसटीचे पैसे वाचतात हे खरं, पण बिल नाही तर वॉरंटी नाही. बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि खोक्यावरच्या नंबराशी तिथेच ताडून पाहा. प्रोसेसर काउंटरवर उघडून बघा : ५६००जीला खाली १,३३१ बारीक सोनेरी पिना असतात, एकही वाकलेली नको. घरी आल्यावर वाकलेली दिसली तर कुणी ऐकत नाही.

जोडायला सकाळ निवडा, तुम्ही घरी असाल अशी. पेचकस एकच लागतो, चार धारांचा. तिने आधी पत्र्याला हात लावून अंगावरचा स्थिर विजेचा भार उतरवावा. बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून, कॅबिनेटबाहेर, आधी सगळं चालू करून बघायचं. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर छोटा सोनेरी त्रिकोण असतो, सॉकेटवरही तशीच खूण असते, त्या जुळवायच्या. बाजूची दांडी वर करायची आणि प्रोसेसर वरून नुसता सोडायचा. तो स्वतःच्या वजनाने बसतो, मग दांडी परत खाली करायची. बसत नसेल तर दाबायचं नाही, उचलून परत बघायचं. इथे जोर लावला की सगळं गेलं.

कूलर बसवताना नवख्याला घाम फुटतो. ५६००जीबरोबर येणारा कूलर चार स्क्रूंनी बसतो, आणि त्यासाठी बोर्डावरच्या काळ्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या आधी काढाव्या लागतात. त्या काढताच बोर्डामागची धातूची पाटी सुटून खाली पडते. काही मोडलेलं नाही. पाटी मागून हाताने धरायची, कूलर वरून ठेवायचा, आणि स्क्रू एकामागून एक पूर्ण न आवळता कर्णावर थोडे थोडे आवळायचे, कुकरचं झाकण एकाच बाजूने दाबत नाही तसं. इथे दोन हात कमी पडतात. मागची पाटी तुम्ही धरा. कूलरच्या तळाला राखाडी पेस्ट आधीच लावलेली असते, तिला बोट लावायचं नाही.

रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, दोन्ही टोकांना टक्‌ वाजेपर्यंत. एसएमपीएसच्या वायरींत २४ पिनांची मोठी सगळे लावतात, प्रोसेसरजवळची आठ पिनांची विसरतात. मॉनिटरची केबल बोर्डाला. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही वेळ काळी राहू शकते, रॅमची ओळख चाललेली असते, पाच मिनिटं थांबा. मग बायोसमध्ये एक्सएमपी किंवा डीओसीपी नावाचं बटण चालू करायचं, नाहीतर ३२००ची रॅम कमी वेगाने धावत राहते. विंडोजच्या लायसन्सला पैसे उरले नाहीत तर लिनक्स मिंट टाका. फुकट आहे, आणि प्रोग्रॅमिंग शिकायला उलट चांगलं. कुणाच्या पेनड्राइव्हमधली क्रॅक केलेली विंडोज मात्र नको, तिच्याबरोबर काय आत येतं ते कळत नाही.

राहिले तुमचे गाववाले. त्यांना नाही म्हणायची गरजच नाही. मॉनिटर, कॅबिनेट, कीबोर्ड-माऊस आणि पुढे यूपीएस त्यांच्याकडूनच घ्या, बिलासकट. ही ओझी लोकलमधून आणण्यात शहाणपण नाही, आणि यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलायची वेळ आली की हाकेच्या अंतरावरचा माणूस लागतो. जोडताना लेक कुठे अडली, एखादी वायर सुचेना, तर त्यांच्याकडेच जा आणि हात लावायचे दोनशे-पाचशे मागितले तर द्या. त्यांना सांगा, पोरगीला स्वतः जोडायचं आहे, तुम्ही फक्त नजर ठेवा. आणि यूपीएसचं कोटेशन घेताना नंबर पूर्ण लिहून मागा.